भारवाढ

पोलोग्राउंडच्या वीज कचेरीत एकतीस वर्षं
मी एकच वाक्य लिहीत आलो:
"क्षमता अपर्याप्त. अतः अमान्य."
लिहायचो हिंदीत, वाईट वाटायचं मराठीत,
तेही सुरुवातीची दोनेक वर्षं.
पिठाची गिरणी, बर्फाचा कारखाना,
एकाला तर फक्त रसवंतीचं यंत्र हवं होतं.
शिक्के बदलले, शाई बदलली.
वाक्य तेच.

आता अर्जदार मीच.
हेरंब मुळ्ये, तिसरा मजला, लोकमान्य नगर,
कारण: विजेवरची गाडी.

जाहिरातीत सूट होती, करमाफी होती,
अनुदान थेट खात्यात येणार होतं.
नलू तेव्हाच म्हणाली, अनुदान म्हणजे आहेराचं पाकीट,
बाहेरून जाड, आत किती ते पाहुणे गेल्यावर कळतं.
पाहुणे गेले. शासनाचं पान उघडतं,
त्यावर एक गोल फिरतो,
मी चहा पिऊन येतो, गोल फिरतच असतो.
खिडकीवरचा मुलगा म्हणाला, काका, या सालचा कोटा संपला,
पुढच्या साली धोरणच नवं.
जुन्या धोरणात घेतलेली गाडी
नव्या धोरणात कुठे बसते,
हे त्यालाही बघून सांगावं लागेल.

तोवर रोज रात्री गॅलरीतून काळी वायर खाली सोडतो,
आडात पोहरा सोडावा तशी.
दुसऱ्या मजल्यावरच्या चोरडियांनी
एकदा तिच्यावर बनियन वाळत घातलं.
चौकीदार मांगीलाल तिच्याजवळ खुर्ची टाकून बसतो,
त्याचा भाऊ खजराण्याकडे ई-रिक्शा चालवतो,
बॅटरी भाड्याची, दिवसाला अडीचशे,
अनुदान मालकाला मिळालं म्हणे.

सोसायटीची बैठक झाली.
टोंग्याजी म्हणाले, पार्किंगमध्ये आग लागली तर?
मी म्हटलं, पेट्रोलला लागत नाही?
ते म्हणाले, लागते ना भिया,
पण तिची सवय आहे आपल्याला.
ठराव पुढच्या बैठकीवर.

खंडव्याला लग्नाला निघालो होतो फाल्गुनात.
भेरूघाट उतरताना आकडा बासष्टवरून त्रेसष्ट झाला!
उतारावर कमाई. नलूला दोनदा दाखवलं.
उभ्या नोकरीत असं कधी झालं नव्हतं,
काही न करता शिल्लक वाढलेली.
बडवाहच्या पुढे एका बंद ढाब्यावर यंत्र होतं,
हिरवं, नवं, हार सुकलेला तसाच.
पडद्यावर लिहिलेलं: सेवेत आपले स्वागत आहे.
वीज नव्हती.
तिथून पुढे एसी बंद, काचा खाली, चाळीसच्या वेगात,
पोहोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या
आणि वधू सासरी निघाली होती, डिझेलच्या गाडीतून.

काल पाहणीला मंडळाची मुलगी आली,
कनिष्ठ अभियंता, पाटीदार,
ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलेली.
कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरकडे तिने मान वर करून पाहिलं,
मीही पाहिलं.
त्याच्या मंजुरीच्या कागदावर माझी सही आहे,
बारा घरांपुरता होता तेव्हा हा.
आता तीन इमारती, प्रत्येक खोलीत एसी, वर मी.
ती तिथेच स्कूटीच्या सीटवर कागद टेकवून लिहू लागली.
वाचायची गरज नव्हती, तरी वाचलं.
'अपर्याप्त'मधला रफार राहिला होता.
मी दाखवला.
थँक्यू सर, म्हणाली, आणि दिला.

वैशाख आहे. रात्री अकराला
पंखे एकदम जड फिरू लागतात,
चोरडियांचं बाळ रडतं,
ट्रान्सफॉर्मरचा तो खर्जातला आवाज
मला झोपेतही ओळखू येतो, कुठल्या फेजवर ओझं आहे तेसुद्धा.
मी चप्पल घालून खाली उतरतो.
मांगीलाल विचारतो, हो गया साहब?
नाही, म्हणतो, आणि प्लग काढतो.
एकसष्ट टक्के.
वरचा पंखा किंचित सुटल्यासारखा वाटतो,
की माझाच भास.
वायर गुंडाळत जिना चढतो,
मध्येच चोरडियांच्या दाराशी थांबून ऐकतो.